सणसवाडी ते भांडगाव, तोंड उघडं ठेवून

भाचीचं जावळ ठरलं आणि मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात, त्यामुळे सुपरवायझरचाही इलाज नव्हता.

सणसवाडीहून भांडगावला जायला जवळचा रस्ता आहे. मी बाइकने शिरूरचा वळसा घेतला, कारण तिथे त्वचेचे डॉक्टर बसतात. मी कंपनीत पावडर कोटिंगला आहे, लोखंडी भागांवर रंगाची पूड फवारतो. ओव्हरटाइम धरून दिवसाचे बारा तास मास्क. तीन वर्षांत नाकावर खाच पडली, हनुवटीवर पुरळ उठलं आणि दोन्ही कानांमागे इलॅस्टिकने चर पाडले. हेल्मेट नेमकं त्या चरांवर बसतं. हा प्रवास शक्यतो कान शाबूत असताना करावा.

डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, "दोन दिवस मास्क नको. हवा लागू द्या."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी ड्यूटी असेल ना?" म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री पुरळाला लागून डोळ्यांत पाणी आलं. मालकाला ती दाद वाटली आणि त्याने आणखी वाढली. न्हावऱ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे उसाचे ट्रॅक्टर लागतात, ओव्हरटेकची घाई करू नये. भीमेचा पूल ओलांडल्यावर केडगावच्या गुऱ्हाळांचा वास आला. नाक अजून चालतंय हे कळून बरं वाटलं. चौफुल्याला उजवीकडे वळलं की भांडगाव आलंच.

रविवारी सकाळी अंगणात पाटावर बसलो. पिहू सव्वा वर्षाची आहे. रोज चहाच्या सुट्टीत आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. मला वाटलं होतं, बघताच झेप घेईल. तिने मला बघून किंकाळी फोडली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. खरं सांगतो, मनाला लागलं.

"दादा, तुझं तोंड तिनं बघितलंय कवा?" बहीण म्हणाली.

खरंच होतं. एकदा काढलेला मास्क परत लावताना चर झोंबतात, म्हणून मी सुट्टीतला चहाही सोडलाय आणि कॉलवरही तो काढत नाही.

बहिणीचे सासरे, आबा, म्हणाले, "लावा पाव्हणं मास्क. त्याबिगर ती काय बसायची न्हाई."

मलमावरून इलॅस्टिक चढवलं. झोंबलं. पिहू गप्प झाली, निरखून बघत राहिली आणि स्वतःहून मांडीवर आली. कापलेले केस माझ्या मास्कमध्ये शिरून शिंक आली, पण तिच्या डोक्यावर न्हाव्याचा वस्तरा होता, म्हणून मी ती गिळली. पंगतीत मामाला काहीतरी लागण झाल्याची कुजबुज होती. माझ्या दोन्ही बाजूंची ताटं रिकामी राहिली. ऐसपैस जेवलो.

सोमवारी कंपनीत चहाच्या सुट्टीत मास्क काढला आणि मगच कॉल लावला. झोंबायचं ते झोंबू दे. पिहूने टक लावून बघितलं. ओठ थरथरले. मग तिने स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मीही माझ्या तोंडावर ठेवला, तेव्हा हसली. दहा मिनिटं तशीच गेली. उद्या एकच बोट बाजूला करून बघणार आहे.