मावसाजींच्या बोलक्या वस्तू

निर्जीव वस्तूंना बोलतं करण्याचं वेड आमच्या मावसाजींइतकं उभ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाला असेल, यावर माझा विश्वास नाही. ते अकोल्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. मावशी मात्र शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग सांभाळून. त्यांच्या अकोल्याच्या खोलीवर मी पहिल्यांदा एकटा उतरलो, गार पाण्यासाठी फ्रीज उघडला आणि दुसऱ्याच मिनिटाला, कामासाठी अमरावतीला गेलेल्या मावसाजींचा फोन. "बाटली घेतली ना? मंग दार लाव ना बाप्पा, कावून उघडं ठेवून राहिला?" बाटली माझ्या हातून सुटलीच. कोण लपून बघतंय म्हणून मी पलंगाखालीसुद्धा वाकून आलो. पुढे एका तेरवीला सगळे गंभीर बसलेले असताना त्यांच्या खिशातून त्यांचाच आवाज खणखणला, "टाकी भरली!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावसाजी शांत. "भरली ना? मंग सांगनच ते."

याला इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं. "वस्तूले आधी स्वतःचं नाव द्याचं, म्हंजे कोन बोलून राहिलं ते समजते. मंग डोये-कान द्याचे. ऊन किती, पानी किती, करंट किती. मंग इंटरनेटवर तोंड उघडून द्याचं. अन् शेवटी थोडी अक्कल, का आपल्या मनानं काम करन." मावशीची विहिरीपर्यंतची पायपीट वाचावी म्हणून त्यांनी तिथल्या मोटारीलाही असाच एक डबा बसवला. पावसानं पाठ फिरवलेली, पाणी तळाला गेलेलं. रोज पाच वाजता अकोल्यातून ते बटण दाबत, तिकडे बागेला पाणी सुटे. विहिरीत पाणी कमी झालं की मोटार आपोआप बंद पडे आणि तसं कळवी.

आणि मग अकोल्यातला नात्यातला तो साखरपुडा, बागेमुळे मावशी आली नव्हती. भर दुपारी जेवणाच्या पंगतीत पाहुण्यांनी मोटार चालवून दाखवायचा आग्रह केला, मावसाजींनी ऐटीत बटण दाबलं. फोन वदला, "मोटार चालू झाली." टाळ्या पडल्या. तेवढ्यात मावशीचा फोन.

"मोटार बंद करा जी. माहा पदर गेला."

मोटारीच्या दांड्यात गुंतलेली सुतळी काढायला ती वाकली होती आणि दांडा फिरताच पदर त्यात ओढला गेला. पाच वाजायला अवकाश होता, तिनं भ्यावं तरी कशाला? पदर जुना होता म्हणून फाटला. नवा असता तर? मावसाजींना फोनवर बटणच सापडेना. शेवटी मी दाबलं. ताटावरून उठून ते भिंतीला टेकले. एवढा बडबडा माणूस, एवढंच बोलला, "सारं समजे त्या डब्याले. बाई उभी हाय, हे नाही समजलं."

त्यानंतर बटण दाबण्याआधी ते न चुकता मावशीला विचारू लागले.

दोन उन्हाळ्यांत विहीर पार आटली. संत्र्याची झाडं वाळली, तोडावी लागली, मोटारही विकून टाकली. मावसाजींचा पाचचा फोन मात्र चुकत नाही. "मोटारीपासून दूर हायेस ना वं?" कुठली मोटार, असं मावशीनं एकदाही म्हटलेलं नाही. चुलीपुढे बसल्या बसल्या ती सांगते, "हाव जी, दूरच हाय मी." मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.