बेल्ट वेगळा

वसईच्या माणिकपूरला माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, क्लासवाल्यांचे बॅनर, चर्चच्या सणाची पत्रकं, हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो, सगळं छापतो. गिऱ्हाईक आलं की दोनच गोष्टी मागतं. अक्षर मोठं करा आणि रंग भडक करा. तुम्ही विकताय काय आणि कोणाला, असं विचारलं की चेहरे कोरे होतात. त्यामुळे दुपार व्हायच्या आतच माझं डोकं तापलेलं असतं. माझी बायको म्हणते, दुकानाची सगळ्यात वाईट जाहिरात म्हणजे गल्ल्यावर बसलेले तुम्ही.

चांदीप गावची दिपिका पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्यावरही असाच उखडलो होतो. पण ही मुलगी उत्तर देणारी निघाली. वडील काळूराम भातशेती करणारे, हिने आयटीआयला वेल्डिंग शिकून वसई पूर्वेच्या एका कंपनीत नोकरी केली, मग ती सोडून घराशेजारी स्वतःची शेड टाकली. खिडक्यांचे ग्रील, गेट, टाकीचे स्टँड अशी कामं चालू होती. मात्र तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं.

"काका, ग्रील काय, सगळेच करतात," ती म्हणाली. "मी माडावर चढायचं मशीन बनवलंय."

मशीन साधं होतं. दोन पायांसाठी लोखंडाचे दोन पाळणे, प्रत्येकाला तारेचा एक फास. फास माडाच्या खोडाभोवती टाकायचा, पाय पाळण्यात घालून पट्ट्याने बांधायचा. पाय उचलला की फास सैल होतो, वर सरकतो. पायावर भार दिला की करकचून आवळतो. डावा, उजवा, डावा, उजवा, असं जिना चढल्यासारखं वर जायचं. पश्चिमेकडच्या वाड्यांत माड उदंड, पण नारळ उतरवणारा माणूस शोधून सापडत नाही. नारळ आपोआप पडतील तेव्हा पडतील, कौलं फोडतील. गरज तर डोळ्यांपुढे होती, पण मशीन खपेना.

ती वाडीवाडीत फिरली. पुरुष मंडळी मशीन हातात घेऊन बघत, ठोकून बघत, वा वा करत आणि परत देत. शेवटी गिरीजच्या एका गृहस्थांनी तोंड उघडलं. ते म्हणाले, "मी चढेन गं, पण ही मला चढू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी दिपिका माझ्याकडे आली आणि मी तिच्या पत्रकासाठी लिहून ठेवलेल्या ओळीवर तिने काट मारली. मी लिहिलं होतं, 'चढा बिनधास्त!'

"ज्याला चढायचंय त्याला बिनधास्त सांगून काय फायदा, काका? तो आधीच बिनधास्त आहे. घाबरते ती खाली उभी असते. मशीन तिला विकायचंय."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण इतकं शहाणपणाचं बोलणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी खूश होऊन चहा मागवला. पत्रकावर मग एवढंच आलं: 'घरची माणसं निश्चिंत.' तेव्हापासून दिपिका पुढच्या अंगणात उभी न राहता मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायला लागली. बायकांशी बोलायची, पट्टे दाखवायची, फास ओढायला लावायची. मी हे पुढे पाचपन्नास गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल.

एक अडचण राहिली होती. किंमत ऐकली की माणसं मागे सरायची. मशीनसोबत कमरेचा एक बेल्ट होता, माडाभोवती टाकून कमरेला अडकवायचा. तो चांगल्या प्रतीचा, म्हणून महाग. दिपिकाने तो सोबत द्यायचं बंद केलं. हवा असेल त्याने वेगळा घ्यायचा. आज तिच्या मशीनला बेल्ट रिव्हेट मारून पक्का जोडलेला असतो, काढतो म्हटलं तरी निघत नाही. पण तेव्हा किंमत उतरली आणि लोकांचे चेहरे बदलले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मोबाइलसोबत चार्जर मिळत नाही, तर हे काय मोठंसं.

पहिलं मशीन भुईगावच्या लेस्टर आणि ज्युलीने घेतलं. वाडी कशी असते ते बघायला म्हणून मीही दिपिकाबरोबर गेलो होतो. घराशेजारी एक कोवळा, गुळगुळीत माड होता, त्यावर दिपिका चढून उतरून दाखवत होती. लेस्टरला मशीन हवंच होतं. ज्युली मात्र ओट्यावर हाताची घडी घालून उभी होती. लेस्टरचे वडील माडावरून पडून अंथरुणाला खिळले आणि तसेच गेले. लग्न ठरलं तेव्हाच ज्युलीने लेस्टरकडून कबूल करून घेतलं होतं, माडावर पाय ठेवायचा नाही. दिपिका तिच्याजवळ जाऊन बसली, तिच्या हातचा चहा प्यायली, सगळं पुन्हा समजावून सांगितलं.

"आणि तो बेल्ट? तो लागेल का?" ज्युलीने विचारलं.

"घेतलास तर चांगलाच," दिपिका म्हणाली. "पन फास सुटत नाय. मी तरी कुठे लावते?"

ज्युलीने नवऱ्याकडे बघितलं आणि मग ती बरं म्हणाली. बेल्ट काही त्यांनी घेतला नाही. रविवारी चर्चमधल्या मासवरून आलो की मागच्या जुन्या माडांचे नारळ काढतो, असं लेस्टर उत्साहाने सांगत होता.

त्याच रविवारी गिरीजला डेरिकच्या वाडीत दिपिकाने मोठा डेमो ठेवला. डेरिक केळीचा बागायतदार, ओळखीपाळखी दांडगी. त्याने चाळीसेक माणसं गोळा केली होती. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेलो. टेबलावर मशीन, शेजारी बेल्ट, त्याची किंमत वेगळी लिहिलेली. दिपिकाने वाडीतला सगळ्यात उंच माड निवडला. कोणीतरी म्हणालं, बेल्ट लाव गं पोरी. ती म्हणाली, "जे गिऱ्हाइकाला मिळनार तेच मी वापरनार." लोकांना ते आवडलं. मलाही आवडलं.

ती सराईतपणे वर गेली. खाली बायका कौतुकाने बोलत होत्या, मी पत्रकं वाटत होतो. माडाच्या अर्ध्याच्या वर पोचल्यावर ती थांबली. ती डावा पाय उचलायला गेली, पण तो उठला नाही. तिने पुन्हा झटका दिला. उजव्या पायाखालचा फास सर्रकन वीतभर खाली घसरला आणि ती दोन्ही हातांनी खोडाला बिलगली. चाळीस माणसं एकदम ओरडली.

"कोनी ओरडू नका!" वरून आवाज आला. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता.

डेरिक धावत शिडी घेऊन आला. शिडी माडाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हती. वर काय झालंय ते मला कळेना. डेरिकला मात्र कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला. जुन्या माडांना चढण्यासाठी खोडात खाचा पाडायची इथली रीत आहे. पुढे पोरं चढू नयेत, चोर चढू नयेत म्हणून खालच्या खाचा सिमेंटने बुजवतात, गडी शिडी लावून तेवढा भाग ओलांडतो. वरच्या खाचा तशाच उघड्या राहतात. खालून बघणाऱ्याला खोड सरळसोट दिसतं. चांदीपला दिपिकाच्या घरी दोन तरुण माड, त्यांना कोणी कधी खाचा पाडल्या नव्हत्या. मशीन तिने त्यांच्यावरच तपासलं होतं. इथे तार खाचेत रुतली होती, आणि ती जितका भार देईल तितकी आणखी रुतत होती.

मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. हातातली पत्रकं कधी खाली पडली ते कळलं नाही.

दिपिकाने एका हाताने खोड कवटाळलं, दुसरा हात खाली नेला आणि उजव्या पायाचा पट्टा सोडायला लागली. पट्टा घट्ट होता. हात दोनदा निसटला. एका बाईने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. शेवटी पाय मोकळा झाला आणि तो अनवाणी पाय खोडावर चाचपडत चाचपडत एका खाचेत शिरला. मग डावा. मशीन वर तसंच लटकत राहिलं आणि ती खाचाखाचांनी खाली आली, खाचा संपल्या तिथे डेरिकच्या शिडीवर पाय टेकला. ती जमिनीवर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या देव जाणे.

तिचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतंच. तिने डेरिकला विचारलं, "खाचा फक्त तुमच्याच वाडीत?"

"जुन्या माडांना सगळीकडे," डेरिक म्हणाला. "इथे, नाळ्याला, भुईगावला."

दिपिकाचा चेहरा पांढराफटक पडला. मला कळायला थोडा वेळ लागला. रविवार होता, मास केव्हाच संपला होता.

लेस्टरचा फोन वाजून वाजून बंद झाला. ज्युलीनेही उचलला नाही. दिपिकाने टेबलावरचा एक बेल्ट खांद्याला अडकवला आणि माझ्याच हातातली चावी घेऊन माझी स्कूटर चालू केली. मी मागे बसलो. वाड्यांमधला रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि पुढे एका लग्नाची वरात निघालेली. बँडवाले रस्ताभर पसरून आरामात वाजवत होते. मी उतरून हात जोडत, शिव्या देत वाट काढली. एकदोघांनी मलाही शिव्या घातल्या. दिपिकाने हॉर्न दाबून धरला होता.

आम्ही पोचलो तर ज्युली अंगणामागे माडाखाली उभी होती, हसत होती. "बघ दिपिका, कसा सरसर गेला!"

लेस्टर शिडीच्या उंचीच्या थोडा वर होता. त्याच्या गुडघ्यासमोर पहिली उघडी खाच दिसत होती.

"लेस्टर, थांब. पाय उचलू नको," दिपिका म्हणाली.

"अगं, आता थोडंच राहिलंय," असं म्हणत त्याने पाय उचलला, फास वर सरकवला आणि भार दिला. तार खाचेत बसली. त्याने पाय ओढला, पुन्हा ओढला, आणि त्याचं शरीर मागे कललं. ज्युलीचं हसू तिथेच विरलं.

"लेस्टर, ओढू नको! खोड धर. दोन्ही हातांनी धर."

मी आणि शेजारच्या एका माणसाने शिडी माडाला टेकवून घट्ट धरली. दिपिका शेवटच्या पायरीपर्यंत गेली, तरी हात त्याच्या कमरेपर्यंत पोचेना. तिने फळं काढायची आकडी मागितली, आकडीच्या टोकाला बेल्ट अडकवून वर केला. लेस्टर एक हात सुटा करायला तयार नव्हता. त्याचा श्वास खालपर्यंत ऐकू येत होता. दिपिका त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली, आधी उजवा हात, बेल्ट घे, मागून पुढे आन, हुक लाव. हुक लागल्याचा आवाज आला. मग तिने खालूनच त्याच्या पायांचे पट्टे सोडले, एकेक पाय धरून शिडीवर ठेवला आणि त्याच्या एक पायरी खाली राहत त्याच्याबरोबर उतरली. दोन्ही नडग्या सोलून निघाल्या होत्या, बाकी तो धड होता.

ज्युलीने आरडाओरड केली नाही. तिने नवऱ्याला ओट्यावर बसवलं, त्याच्या नडग्या पुसल्या, पाणी दिलं. दिपिका पुढे होऊन म्हणाली की मशीन परत नेते, पैसे आत्ता देते, चूक माझी आहे. ज्युलीने ते ऐकून घेतलं आणि मग ती दिपिकासमोर येऊन उभी राहिली.

"लग्नापासून मी त्याला नको म्हणत होते," ती म्हणाली. "भांडत होते, रडत होते, पण नको म्हणत होते. तू इथे बसून माझा चहा प्यायलीस आणि मी हो म्हटलं. तो तुझ्या मशीनवर नव्हता चढला, दिपिका. तो मी हो म्हटलं म्हणून चढला होता. काही झालं असतं तर मी कोणाला बोल लावला असता?"

दिपिका मटकन पायरीवर बसली. माडावर अडकली होती तेव्हा न रडलेली ही मुलगी ओक्साबोक्शी रडायला लागली. ज्युली तिच्याशेजारी बसली, पण तिने तिला गप्प केलं नाही.