लाजमॅडम

आमच्या मॅडम कॉम्प्युटरच्या कोडमध्ये लाज लिहायच्या. खरोखर, देवनागरीत. घाईत एखादं ठिगळ लावून काम भागवावं लागलं, की त्या ओळीच्या डोक्यावर टिपण टाकायच्या: ‘लाज’, पुढे कारण, शेवटी नाव. सवड झाली की ‘लाज’ शोधायच्या, मुळातून दुरुस्ती करायच्या आणि टिपण पुसायच्या. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस, खाली लेथ मशीनची घरघर, वर आम्ही पाच-सहा जण. रोजचा विनोद ठरलेला.

“लाजमॅडम, आज कुणाची लाज काढली?”

“तुझीच. दोन ठिकाणची.”

मी घरातली पहिली पदवीधर. पदवीचं सर्टिफिकेट देवांच्या फोटोशेजारी टांगलंय आणि ते तिथेच राहणार. स्वतःच्या कामावर लाज लिहायची म्हटलं की मला राग यायचा. एकदा आमच्या एका प्रोग्रॅमची मेमरी गळायला लागली, म्हणजे वापरून झालेली जागा परत मोकळीच होईना. भरली की सगळं ठप्प. मी स्क्रिप्ट लिहिली: मेमरी भरत आली की प्रोग्रॅम आपोआप बंद होऊन नव्याने सुरू. सगळे खूश. मॅडमनी त्यांच्या गावाहून, सांडोरहून आणलेली सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, माझ्यापुढे सरकवली.

“आणि ही स्क्रिप्टच बंद पडली तर?”

“नाही पडणार.”

“गळती आहे तिथेच आहे ना गं? लिही, लाज.”

लिहिली. रागाच्या भरात सुकेळी मात्र खाल्ली नाही.

मग ते हवामानाचं काम आलं. एका बाहेरच्या कंपनीला आभाळात खूप उंचावर बारीक कण फवारून थोडं ऊन परतवायचं होतं, म्हणजे पृथ्वी कमी तापेल. गाड्या-कारखान्यांचा धूर कमी करायची गोष्टच नाही. योजना लोकांना पटावी म्हणून आलेख आम्ही बनवायचा. मॅडम हसल्या. “ही तुझीच स्क्रिप्ट की गं! आभाळाएवढी.”

तरी त्या अडून बसल्या नाहीत. म्हणाल्या, “ताप फार चढला तर कपाळावर पट्ट्या ठेवतोच की आपण. फक्त पट्टीला औषध म्हणायचं नाही.” म्हणून त्यांनी आलेखात आणखी एक रेघ घातली: धूर असाच चालू राहिला आणि मध्येच फवारणी थांबली, तर काय होईल? इतकी वर्षं दाबून ठेवलेली उष्णता एकदम उसळते. रेघ सरळ वर जात होती.

कंपनीच्या माणसाने ती पाहिली. “ही रेघ काढून टाका, नाहीतर काम दुसरीकडे देतो.”

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. माझ्या पगारावर घर चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी कीबोर्डकडे बघत बसले. बाकीचेही तसेच.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “मीच काढते. तुम्ही कुणी हात लावू नका.”

काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोपाला कुणीतरी सवयीने विचारलं, “मॅडम, सगळी लाज काढली ना?”

“एक राहिलीय,” त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

आता त्याच कंपनीला तो आलेख सुधारून हवाय आणि मॅडमच्या खुर्चीवर मी आहे. आलेखाच्या कोडमध्ये ‘लाज’ शोधलं. एकच सापडली. ‘लाज: इथली खरी रेघ काढून टाकली. पोरांच्या नोकऱ्यांसाठी.’ खाली त्यांचं नाव. वाचून कान तापले. पोरं म्हणे! चांगली शिकलेली, कमावती बाई होते मी.

रेघ परत घातली आहे. उद्या दाखवायची आहे. बाकीच्यांना सांगितलंय, बोलेन मी. टिपण अजून पुसलेलं नाही. फक्त मॅडमचं नाव काढून तिथे माझं लिहिलंय.