नुकसान मोजणाऱ्या कुंदाताई

मोबाईलवर काय बघितलंस, असं कुंदाताई मुलांना कधीच विचारत नसत. "झोप लागते का नीट?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायच्या.

ताई मूळच्या खारबावच्या, शेतकरी घरातल्या. कॉलेजात मानसशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी भिवंडीतल्या शाळकरी मुलांवर अश्लील व्हिडिओंचा काय परिणाम होतो, याचं संशोधन हाती घेतलं. मी राहनाळच्या शाळेत शिक्षिका. गावोगावच्या पालकसभांना ओळखीचं कुणी बरोबर असावं म्हणून त्या मला न्यायच्या.

पालक विषय निघताच माना खाली घालत. एका सभेत गोदामांचे एक मालक शांतपणे म्हणाले, "आमच्या गावात असला काय न्हाय, ताई."

"गावात न्हाय हो दादा, खिशात हाय," ताई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. हळूहळू खुर्च्या रिकाम्या झाल्या.

आमच्या शाळेतली, दापोड्याची सहावीतली एक मुलगी अचानक वडिलांजवळ बसेनाशी झाली. त्यांनी हात लावला की थरथरायची. आईला नको तो संशय आला आणि ती लेकीला घेऊन माहेरी निघून गेली. वडील गोदामात हमाली करणारे. गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताईंनी त्यांना दोषी धरलं नाही की निर्दोषही म्हटलं नाही. त्या कित्येक दुपारी मुलीपाशी नुसत्या बसून राहिल्या. शेवटी ती बोलली. मामेभावाच्या फोनवर गेम खेळताना एक व्हिडिओ लागला होता. त्यातली बाई रडत होती आणि माणूस थांबत नव्हता.

"आमचे पप्पा पण तसेच असतील ना?" तिने विचारलं.

ताईंनी वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा विचारून वडिलांनी काही केलेलं नाही याची खात्री केली, मग आईला सांगितलं. मायलेकी घरी परतल्या. भीती मात्र लगेच गेली नाही. त्यांच्या घरून परतताना रिक्षात ताई डोळे मिटून मला म्हणाल्या, "आपण नुकसान मोजतो गो. भरून कोण काढणार?"

अहवाल पूर्ण झाला. एका बैठकीत त्याचं कौतुक झालं, चहा झाला, पुढे काहीच झालं नाही. ताईंनी निवृत्तीआधीच कॉलेजातली नोकरी सोडली. फार थकल्या होत्या.

यंदा मी खारबावला त्यांना भेटायला गेले, तेव्हा सांगितलं की ती मुलगी आता वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून शाळेत येते.

 त्यांनी विचारलं, "धरून बसते का?"

"एक हात असतो खांद्यावर."

"पुरे," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.