सैनिकाची पँट

दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला त्याला माझा अर्धा चहा संपेपर्यंत वेळ लागायचा. मी हात द्यायला उठलो की तो तळवा दाखवून मला बसवायचा आणि म्हणायचा, "परवागिल्ला, अण्णा." म्हणजे असू द्या, काही हरकत नाही. हा कानडी शब्द त्याच्या तोंडात पक्का बसला होता. पावसात भिजला तरी परवागिल्ला, डॉक्टरने आणखी एक ऑपरेशन सांगितलं तरी परवागिल्ला. येमेनमधल्या त्याच्या घराचं छत तोफगोळ्याने उडालं तेव्हाही त्याने हाच शब्द काढला.

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात, व्हाइटफील्डला उपचारांसाठी आलेले असे परदेशी लोक तुम्हीही पाहिले असतील. मोठ्या इस्पितळांच्या मागच्या गल्ल्यांत खोली घेऊन राहतात, काखेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट असतं. आपण एकदा बघतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. मीही तेच केलं असतं. पण त्याची खोली माझ्या दुकानाच्या मागेच होती आणि त्याला बसायला दुसरी जागा नव्हती.

आमचं घराणं शिंप्याचं, कित्येक पिढ्या बंगळूरचंच. आजोबा चिकपेटेत सूट शिवायचे. मी आयटीवाल्यांनी ऑनलाइन घेतलेल्या पँटी खालून कापून देतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

तोही या गावाला नवखा नव्हता. तरुणपणी इथे बी.कॉम. शिकला होता. या गावाने आपल्याला तीनदा नापास केलं, तरी आपण परत आलो, असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. बोलायचा मोडक्यातोडक्या हिंदीत, मधेमधे कानडी पेरत; इथे मी ते आपल्या भाषेत सांगतोय. बंगळूरचं ट्रॅफिक त्याला फार आवडायचं. त्याचं म्हणणं, या गावात युद्ध होणं शक्यच नाही, सगळे रणगाडे संध्याकाळपर्यंत टिन फॅक्टरीच्या चौकातच अडकून पडतील.

तो सैनिक आहे हे मला महिनाभराने कळलं. दिसायचा तो वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानदारासारखा, आणि होताही तोच. लढाई गावात आली, दुकान बंद पडलं, आणि फौजेत गेलं की घरी पीठ-साखर मिळते म्हणून तो फौजेत गेला. कोणत्या बाजूने लढतोस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "ज्या बाजूला आमचं गाव पडलं, त्या बाजूने." शत्रूच्या बाजूला त्याचा मामा राहायचा.

घरी बायको, एक मुलगी आणि धाकटा भाऊ. भाऊ शाळेत गणित शिकवायचा. बायकोचा रोज दुपारी फोन यायचा आणि ती पाय दाखवा म्हणायची. हा कॅमेरा मुद्दाम माझ्या मशीनकडे वळवायचा, मी हात जोडायचो, मुलगी हसायची. पाय राहून जायचा. लढाईत मोडलेल्या त्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्या बांधलेल्या होत्या, गुडघा वाकत नव्हता आणि तो पाय दोन बोटं आखूड झाला होता.

एक दिवस तो पायऱ्या चढून आला. पिशवीतून खाकी कापड काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. त्याच्या तुकडीच्या कमांडरचा निरोप आला होता: सुट्टी संपली, दहा दिवसांत हजर हो, नाहीतर तुझ्या जागी भावाला उभं करू. आणि दहा दिवसांची वाटही न बघता, दोनच दिवसांनी ते भावाला शाळेतून घेऊन गेले होते.

मी म्हटलं, मग असाच जा ना, लंगडत. पाय बघतील आणि घरी पाठवतील.

"मी सुटेन, अण्णा," तो म्हणाला. "तो अडकेल. त्यांना एक चालणारा माणूस हवा आहे. पाय लपेल अशी पँट शिवा."

माझी बायको आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "तुमी शिवू नका हे. सरी नाही हे." तिचं बरोबर होतं. पण तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

माणसाचं उणं झाकणं हे आमचं कामच आहे. पडलेल्या खांद्यात पॅड घालतो, सुटलेलं पोट कटिंगमध्ये जिरवतो. मी दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घेतली. पट्ट्यांचे कंगोरे उठू नयेत म्हणून आतून जाड अस्तर लावलं, गुडघ्याखाली घेर वाढवला. इस्त्रीची घडी वाकड्या पायावर फिरते, म्हणून ती बोटभर बाजूला घेतली. चांभाराने बुटाची टाच आतून उंच करून दिली.

ट्रायलच्या दिवशी तो गल्लीतून शहाळेवाल्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. ओठ घट्ट मिटले होते, कपाळावर घाम होता, पण चाल सरळ दिसत होती. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. बायको मात्र दारातून म्हणाली, "एवढं चांगलं कशाला शिवलात?"

त्याने मला त्याचा उभ्याने फोटो काढायला लावला आणि माझ्याच फोनवरून बायकोला पाठवला. एक्स-रेचं पाकीट माझ्याकडे ठेवलं, ते सामानात सापडून चालणार नव्हतं. जाताना त्याने माझे दोन्ही हात धरले आणि पुष्कळ वेळ सोडले नाहीत.

दोन महिन्यांनी माझ्या फोनवर त्याच्या बायकोचा व्हॉइस मेसेज आला, सगळा अरबीत. वरच्या मजल्यावर एक येमेनी विद्यार्थी राहतो, त्याला बोलावलं. तो ऐकत गेला आणि सांगत गेला. नवरा घरी आलाच नाही, विमानतळावरून थेट तुकडीत गेला. कमांडरने त्याला चालायला लावलं, ठेवून घेतलं आणि भावाला सोडलं. भाऊ पुन्हा शाळेत जातो. नवऱ्याला डोंगरावरच्या चौकीवर पाठवलंय. तिथे रोज गोळे पडतात आणि त्याचा फोन लागत नाही.

मग तो मुलगा थांबला. म्हणाला, "शेवटी त्या विचारतात, फोटोत पाय अगदी नीट दिसला. तुम्ही रोज बघत होता. वेळ आली तर त्याला पळता येईल ना?"

उत्तर पाठवायला तो फोन तोंडाजवळ धरून उभा होता. माझी बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "येईल म्हणून सांग."