ज्वालामुखीच्या बेटासाठी रजेचा अर्ज

अर्जदार: चाकणच्या फाउंड्रीतील एक कामगार, नाव मुद्दाम वगळले आहे. दिनांक: गेला सोमवार. साक्षीदार: शेजारचा चहावाला.

सदर इसमाने माझ्या, म्हणजे कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जलेखकाच्या, टेबलावर लख्ख उन्हाच्या एका बेटाचा नकाशा पसरला आणि कुठे चालायचे, कुठे भाड्याची गाडी हाकायची, ते भाजलेल्या बोटाने दाखवले. आठ दिवसांच्या रजेसाठी मी प्रथेप्रमाणे ‘आजीचे निधन’ लिहू लागताच त्याने माझा हात धरला.

“नको राव, तीन आज्या गेल्यात माझ्या. खरं लिवा.”

“विझलेला ज्वालामुखी बघायला रजा कोण देतो?”

“वीस वर्षं भट्टीपुढं उभा हाय. एकदा विझलेली भट्टी बायकोला दाखवायचीय.”

माझ्या कारकिर्दीत प्रथमच मी खरे कारण लिहिले. तरी मेहेरबान मॅनेजरसाहेबांनी लेखी उत्तर द्यावे. नकार असल्यास त्याचेही कारण खरेच लिहावे, ही नम्र विनंती.