मेंढरांनी सोडलेली जागा

राहायला गाव निवडताना माणसं पाणी बघतात, रस्ता बघतात, दवाखाना जवळ आहे का ते बघतात. आमच्या ह्यांनी झोप बघितली. हे एसटीचे ड्रायव्हर. उभी नोकरी मुक्कामी गाड्यांवर काढलेली. म्हणजे संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन एखाद्या आडगावात जायचं, तिथंच गाडीच्या टपावर अंथरूण टाकायचं आणि उजाडलं की तीच गाडी घेऊन परत यायचं. त्यामुळे सातारा-सांगलीतलं कुठलं गाव झोपायला कसं, हे त्यांना तोंडपाठ. अमक्या गावात डास, तमक्या गावात कुत्री. एका गावाचं तर नुसतं नाव निघालं की खांदे आवळून म्हणायचे, "लय थंडी."

आमचं घर पाटणच्या वर, डोंगरात. तिथं पावसाळा एकदा आला की पाहुण्यासारखा जायचं नावच घेत नाही. भिंतींना पाझर, गाद्यांना वास, आणि कपडे वाळवायचे चुलीवर टांगून. मी शाळेत मास्तरीण, पोरांवर ओरडून आवाज कमावलेली, मला त्या गारठ्याचं काही झालं नाही. ह्यांना मात्र रिटायर झाल्यावर दम्यानं धरलं. रात्रभर छातीत शिट्टी वाजायची. उशांवर उशा रचून बसलेल्या माणसाला बघत मी किती पहाटा काढल्या ते मलाच माहीत. कराडचे डॉक्टर म्हणाले, ह्यांना कोरड्या, उबदार हवेत हलवा, इथं ठेवाल तर पुढचा पावसाळा अवघड आहे. मला एवढंच हवं होतं, की ह्या माणसाला छाती भरून श्वास घेता यावा. बाकी कशाची मला फिकीर नव्हती.

आधी उंब्रजला खोली घेतली. हवा बरी होती, पण हायवेवरून ट्रकची रांग तुटत नसे. चार दिवसांत हे वैतागले. "हितं मला झोपेत बी गिअर टाकावा लागतोय," म्हणाले. मग कडेगाव. तिथं ऊब होती, शेजारीपाजारी चांगले होते, आणि मी मनातल्या मनात तुळशीची जागासुद्धा ठरवून टाकली होती. पण चारी बाजूंनी ऊस. तोडणी झाली आणि पाचट जाळायला लागले, तशी अंगणात काळी राख पडायला लागली आणि ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

दवाखान्यातून आल्यावर म्हणाले, "जतकडं जाऊ."

"तिथं काय हाय? दगडं आन टँकर," मी म्हटलं. रागावले की मी पण त्यांच्याच बोलीवर उतरत असे.

"आगं, त्या गावात मी टपावर झोपायचो तवा एकदा बी खोकलो न्हाई."

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या झोपेवर भरवसा ठेवून आम्ही निघालो. माझ्या अकलेची कमाल बघा, मी भांडले नाही.

गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. निम्मं कानडी बोलणारं. पूर्वी ह्यांची मुक्कामी गाडी गावाबाहेरच्या एका कडुलिंबाखाली उभी राहायची. आता रस्ता सरकला, गाडी तिठ्यावरून परत फिरते. लिंबाखाली एका शेतकऱ्यानं मुलासाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलगा नोकरीला लांब गेला, त्या खोल्या आम्हाला मिळाल्या. घर कोरं करकरीत, कुणी राहिलेलं नाही, कुणी गेलेलं नाही. मी चौकशी केली होती. असल्या बाबतीत मी कुणाची भीड ठेवत नाही.

होळीच्या सुमाराला सामान लावलं. आणि खरंच, पंधरा दिवसांत छातीतली शिट्टी थांबली. सकाळी उठून मी मुद्दाम त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत असे. नुसता श्वास. आत जातोय, बाहेर येतोय. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं, आणि हे मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "लग्नात तू रडत व्हतीस."

दसऱ्यानंतर पहाटे गारठा पडायला लागला, तेव्हा ती गोष्ट पहिल्यांदा माझ्या लक्षात आली. सकाळी अंगणभर दहिवर पडलेलं असायचं, पायाखाली माती ओली लागायची. पण लिंबाच्या बुंध्याशी एक जागा कोरडी. माणूस मांडी घालून बसेल एवढीच. म्हटलं झाडाचा आडोसा असेल, पण झाडाखालचं बाकीचं सगळं ओलं होतं. वाकून हात लावला तर माती कोमट. एसटीत कुणी उठून गेल्यावर आपण त्या सीटवर टेकावं आणि खाली त्याची ऊब लागावी, अगदी तशी. मी हात झटकन काढून घेतला.

ह्यांना सांगितलं तर हसले. "आमची गाडी हितंच लावायचो की. इंजिनाची ऊब ऱ्हायली आसंल."

"गाडी बंद होऊन किती वर्षं झाली?"

"इंजिन चांगलं व्हतं गं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी घोंगडीची घडी टाकून हे त्याच जागेवर बसायला लागले. लिंबाला पाठ, हातात चहा, आणि चेहऱ्यावर कसलं समाधान. मला ते बघवतही नसे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. गावातलं एक तांबडं कुत्रं आमच्याकडं भाकरीला यायचं. हे घरात असले तरी ते कुत्रं त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभं राही आणि शेपटी हलवी. मी त्याला हाड म्हणे. ते माझ्याकडं बघे आणि पुन्हा तिकडं बघे.

दिवाळी झाली की कर्नाटकाकडून धनगरांची मेंढरं कृष्णाकाठाला निघतात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात रात्रभर बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. बाजरी काढून आमच्या मालकांचं रान मोकळं झालं होतं. ते म्हणाले, "तुमच्या अंगनात बी बसवू, बाई. फुडच्या साली वांगी बगा कशी येत्यात." दिवस मावळताना त्यांनी लिंबासकट सगळ्या अंगणाला जाळी लावून घेतली आणि मेंढरं आत सोडली. मुंगीला शिरायला वाट राहिली नाही, इतकी दाटी.

उजाडताना मी खिडकीशी गेले. हे माझ्या शेजारी उभे, तोंडात लिंबाची काडी. गारठ्यानं मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती, काही तर दुसऱ्याच्या अंगावर मान टाकून. आणि लिंबाच्या बुंध्याशी ती जागा तशीच मोकळी. तिच्यात एक खूर पडला नव्हता. कडेची मेंढरं रेटारेटी करत होती, पण आत एकही सरकत नव्हतं.

"माझी जागा सोडलीय बग," हे म्हणाले आणि हसत चूळ भरायला गेले.

जाळी काढायला आलेली धनगराची म्हातारी तिथंच थबकली होती. सुनेला कानडीत म्हणाली, "यारो कुंतार." मी बाहेर जाऊन विचारलं, काय म्हणालीस. तिनं डोक्यावरचा पदर ओढला. "कुनीतरी बसलंय म्हटलं, अक्का. बसल्याल्या मानसावर मेंढरू पाय देत न्हाई. आमचा म्हातारा रानात झोपला तरी त्येला वळसा घालून बसत्यात."

"कोण बसलंय?"

"ते मला काय ठावं? मेंढरांस्नी ठावं."

ती निघून गेली. संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, आवरा, हे घर सोडायचं, मी इथं राहणार नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग एक लांब श्वास घेतला, मला ऐकू जाईल असा, आणि सावकाश सोडला.

"याच्यासाठीच आनलंस न्हवं मला?"

मी उठून चुलीपुढं बसले. भाकरी थापल्या. करपल्या, तरी त्यांनी खाल्ल्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी, एके दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे लिंबाला टेकून डोळे मिटून बसलेले. वाटलं, डुलकी लागली. झोपायला तर हे गाव त्यांना पहिल्यापासून आवडायचं. हाक मारली, खांदा हलवला. त्यांना दम लागलेला नव्हता, चेहऱ्यावर कसली ओढाताण नव्हती. मी देवाकडं जे मागितलं होतं ते त्यानं पुरेपूर दिलं होतं, आणि मी हातातली कपबशी तिथंच आपटली. मला इतका राग कधीच आला नव्हता.

त्यानंतर कितीतरी दिवस मी अंगणात उतरतच नव्हते, मागच्या दारानं जायची-यायची. आमचा मुलगा पुण्याला असतो, तो चल म्हणत होता. पण वर्ष व्हायच्या आत हलायचं नाही, असं मी सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला मेंढरं यायची वाट बघायची होती.

ती दिवाळीनंतर आली. मालकांना मीच म्हटलं, अंगणात बसवा. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मी मनाशी हिशेब मांडला होता, की आता दोन जागा सुटतील. एक त्या आधीच्या कुणाची आणि एक आमच्या ह्यांची. उजेड फुटताच खिडकी उघडली. जागा एकच होती. तीच, तेवढीच.

म्हातारी जाळी गुंडाळत आली. "काका कुठं हायती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिच्या हातातली जाळी हातातच राहिली. ती त्या जागेकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "मंग ते मागल्या सालापास्नंच..." एवढं म्हणाली आणि जाळी गुंडाळायला लागली.

पुढचं तिनं बोलायची गरजही नव्हती. आधीचं कुणी नव्हतंच. ती जागा पहिल्यापासून ह्यांचीच होती. हे माझ्या शेजारी उभे होते, तोंडात काडी घेऊन हसत होते, आणि बाहेर मेंढरं त्यांना वळसा घालून बसली होती.

एक सांगायचं राहिलं. मी नोकरीला बाहेरगावी असताना शनिवारी शाळा सुटली की ह्यांच्याच गाडीनं घरी यायची. हे आधीच आपल्या मागच्या सीटवर रुमाल टाकून ठेवत. गाडी अर्धी रिकामी असली तरी रुमाल असायचाच. सगळ्या गाडीला दिसायचं, बायका गालात हसायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी घरी येऊन भांडायची, मला न विचारता जागा कशाला धरता म्हणून. हे म्हणायचे, बरं. पुढच्या शनिवारी परत रुमाल.

यंदा मी मुलाला हो म्हटलं. गुडघे दुखतात, एकटीला पाणी ओढवत नाही, आणि त्या खिडकीची मला धास्ती बसली होती, हेही खरं. दिवाळीनंतरचा दिवस ठरला. भांडी बांधून झाली, मालकांना किल्ली द्यायची तेवढी राहिली. मुलानं पुण्याहून टेम्पो लावला. आणि नेमकी आदल्या संध्याकाळी मेंढरं आली. मी नको म्हणणार होते, पण उठून अंगणातलं सामान आत घेतलं.

सकाळी खिडकी उघडायची नाही असं ठरवून झोपले होते. उठले आणि पहिल्यांदा खिडकीच उघडली.

लिंबाच्या बुंध्याशी ती जागा मोकळी होती. आणि तिला लागून, डाव्या हाताला, तेवढीच आणखी एक. मधे बोटभरही अंतर नाही, सीटवर शेजारी शेजारी बसल्यासारख्या. मेंढरांनी दोन्हींना मिळून वळसा घातला होता. म्हातारी जाळीशी उभी होती. तिनं मला खिडकीत बघितलं आणि मान खाली घातली.

मला भीती वाटली, ती मी लपवणार नाही. तरी म्हातारीनं मेंढरं बाहेर काढेपर्यंत मी थांबले आणि मग अनवाणीच अंगणात उतरले. जुन्या जागेवर हात ठेवला. ऊब होती, नेहमीसारखी. दुसरीवर ठेवला. तिथं अजून दहिवराचा ओलावा होता, आणि ओलाव्याच्या खाली, अगदी जरासं, कोमट लागलं.

"परत न विचारता," मी म्हटलं, मोठ्यानं. तांबडं कुत्रं शेपटी हलवत होतं. आणि मला, इतक्या महिन्यांनी, हसू आलं आणि रडूही आलं, तिथंच बसून.

घरात येऊन मुलाला फोन लावला. टेम्पो परत बोलव म्हटलं. तो म्हणाला, अगं आई, टेम्पोवाला कडेगावपर्यंत पोचलाय, आता काय झालं?

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी जागा धरलीय."